काप्रीची प्रदक्षिणा: बेट उजव्या हाताला ठेवून

इटलीत नेपल्सजवळ असलेल्या काप्री बेटाभोवती मी दोनदा बोटीने फिरले. पहिल्यांदा नवरा आणि मी दोघंच होतो, ऑगस्टमधली भर दुपार आणि दोन तासांची बोट. त्या दोन तासांतली सत्तर मिनिटं तिथल्या प्रसिद्ध निळ्या गुहेच्या तोंडाशी, तीसेक बोटींच्या घोळक्यात डचमळत गेली. आत जेमतेम पाच मिनिटं. उरलेल्या वेळात तांडेलाने बेटाची दुसरी बाजू अशी पळवली की फोटोंत फक्त माझे उडणारे केस आहेत.

दुसऱ्यांदा गेलो ते सप्टेंबरच्या मध्यावर, सहा जण: आम्ही दोघं, दोन्ही मुलं, नणंद आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई, ज्यांना पोहता येत नाही. तो दिवस मात्र असा जमला की घरात अजून त्याचा विषय निघतो. फरक पैशांचा नव्हता. कुठल्या वेळी निघायचं आणि कुठल्या दिशेने फिरायचं, एवढंच बदललं होतं. ते कसं ठरवायचं ते सांगते.

बोट कुठून घ्यायची

नेपल्स, सोरेंतो, पोझितानो, सगळीकडून काप्रीला खाजगी बोटी निघतात. दिवसभराच्या म्हणून विकतात, पण त्यातला बराच वेळ नुसता जाण्यायेण्यात जातो, आणि इंधनाचा खर्च तुमच्याच बिलात असतो. त्यापेक्षा नेपल्सच्या मोलो बेव्हेरेल्लो धक्क्यावरून वेगवान फेरी पकडा, ती पाऊण-एक तासात पोचवते. सोरेंतोहून तर वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. काप्रीच्या मरीना ग्रांदे बंदरात उतरा आणि तिथलीच बोट घ्या. तिथले बोटवाले याच पाण्यात वाढलेले असतात, कुठल्या कपारीत किती वाजता ऊन शिरतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

जमलं तर आदल्या रात्री बेटावरच मुक्काम करा. हॉटेलं महाग आहेत, मान्य. पण मुख्य भूमीवरून येणारी गर्दी साधारण दहाच्या सुमाराला उतरायला लागते, आणि नऊ वाजता तुम्ही पाण्यावर असलात तर फारालिओनी या समुद्रातल्या सुळक्यांच्या कमानीखाली तुमच्याशिवाय एखाद-दुसरीच बोट असते. आम्ही आनाकाप्रीत, वरच्या गावात राहिलो. तिथे खालच्यापेक्षा जरा स्वस्त पडलं.

कसली बोट

या किनाऱ्याची स्वतःची बोट म्हणजे गोत्सो. रुंद पोटाची, बुटकी, मूळची मासेमारीची. हल्लीच्या गोत्सोंत नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, झोपायला गाद्या, मागे सावलीला छत, पाण्यात उतरायला शिडी आणि अंग धुवायला गोड्या पाण्याचा छोटा शॉवर असतो. तिचा वेग कमी, आणि तेच बरं. बेटाचा घेर सगळा मिळून सतरा किलोमीटरच्या आसपास, पळायचंय कुठे? पहिल्या वेळची आमची स्पीडबोट दिसायला झोकदार होती, पण प्रत्येक लाटेवर आपटायची. पाठ दोन दिवस दुखत होती.

इटलीत साधारण चाळीस अश्वशक्तीपर्यंतचं इंजिन असलेली छोटी बोट किनाऱ्याजवळ चालवायला परवाना लागत नाही, त्यामुळे ‘स्वतः चालवा’ अशा पाट्या दिसतील. माझ्या मुलाचे डोळे चमकले होते. मी नाही म्हटलं आणि अजूनही नाहीच म्हणेन, निदान पहिल्या खेपेला. फारालिओनीपाशी मोठ्या बोटी जातात तेव्हा त्यांच्या मागे उठणाऱ्या लाटा चारही बाजूंनी येतात, खडक पाण्याखालीही आहेत, आणि चालवणाऱ्याला काही बघता येत नाही. तांडेल घेतला की सगळेच प्रवासी.

किती तास? दोन तासांत बेटाला वळसा होतो, पोहणं होत नाही. आठ तास उन्हात बसवत नाही. चार तास पुरेसे. आम्ही सहा जणांनी चार तासांचे ४२० युरो दिले, इंधन आणि थंड पाणी धरून. जुलै-ऑगस्टमध्ये भाव चढतात आणि मे-सप्टेंबरमध्ये उतरतात. म्हणून हा आकडा फक्त अंदाजाला ठेवा.

ठरवण्याआधी एवढं लिहून घ्या. फोनवर सगळे हो-हो म्हणतात, म्हणून मेसेजवरच विचारा. इंधन धरून की वेगळं? समुद्र खवळला तर पैसे परत की दुसरा दिवस, आणि ते कोण ठरवणार? गुहेच्या रांगेतला वेळ आपल्या चार तासांत मोजणार का? (मोजतात.) बोटीवर शौचालय आहे का? छोट्या गोत्सोवर बहुधा नसतं. सासूबाईंसाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. आमच्या तांडेलाने आधीच सांगितलं की मध्यावर दक्षिणेकडच्या मरीना पिक्कोलाच्या धक्क्याला दहा मिनिटं बोट लावू. तसं त्याने केलंही. बोटीच्या क्षमतेचा आकडाही विचारा, आणि आठ म्हणाले तर सहाच माणसं न्या. आठ माणसं बसतात, लोळत नाहीत.

वारा

यावर थोडं थांबते, कारण दिवस बनतो किंवा बिघडतो तो यावर.

आदल्या संध्याकाळी हवामानात पाऊस बघू नका, वारा बघा. इथल्या लोकांकडे वाऱ्यांना नावं आहेत. वायव्येकडून येतो तो माएस्त्राले, आग्नेयेकडून शिरोक्को, नैऋत्येकडून लिबेच्चो, उत्तरेकडून त्रामोंताना. निळी गुहा बेटाच्या वायव्य टोकाला आहे, त्यामुळे माएस्त्राले उठला की गुहेचं तोंड लाटांनी भरतं आणि ती सरळ बंद. त्याच वेळी दक्षिणेची बाजू डोंगराच्या आडोशाला असते, तिथलं पाणी तव्यासारखं सपाट. शिरोक्को असेल तेव्हा उलटं: दक्षिणेला लाटा आणि उत्तरेकडे शांत. म्हणजे एकाच दिवशी एकाच बेटावर दोन समुद्र असू शकतात. तांडेल म्हणाला, “आज गुहा नाही,” तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याला “मग आज चांगली बाजू कुठली?” एवढं विचारा. हा प्रश्न ऐकून आमच्या तांडेलाचा चेहरा उजळला होता. रोज सगळे गुहेबद्दलच विचारत असणार.

शिवाय उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी सकाळी समुद्र निजलेला असतो आणि दुपारी जमीन तापली की वारा सुटतो. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी नऊ वाजताची बोट आणि दोन वाजताची बोट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोळी घ्यायची असेल तर निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. नणंदेने नेमकं तेच केलं. मग तिला मागच्या बाजूला, सुकाणूजवळ बसवलं, जिथे हेलकावे कमी, आणि क्षितिजाकडे बघत राहायला सांगितलं. अर्ध्या तासात सावरली.

दिशा

आता मुद्द्याचं. मरीना ग्रांदेतून बाहेर पडल्यावर डावीकडे गेलात की आधी निळी गुहा लागते, आणि बहुतेक जण तिकडेच वळतात. तुम्ही उजवीकडे, पूर्वेकडे वळायला सांगा. सकाळचं ऊन पूर्वेच्या कड्यांवर पडलेलं असतं. दक्षिणेला पोचेपर्यंत सूर्य तिकडे येतो, आणि पश्चिम किनाऱ्याला लागेपर्यंत तिथलीही सावली ओसरायला लागते. सगळ्या वाटेत बेट तुमच्या उजव्या हाताला राहतं. दहा मिनिटांनी सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही तर प्रदक्षिणाच झाली.” तेव्हापासून आमच्याकडे तेच नाव.

पहिलं टोक पुंता देल कापो. वर, सरळ उभ्या कड्याच्या माथ्यावर, सम्राट तिबेरियसच्या व्हिला योव्हिसचे अवशेष आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आयुष्याची शेवटची दहाएक वर्षं, तो रोमऐवजी इथून राज्य करत होता. नकोशा माणसांना तो या कड्यावरून ढकलून द्यायचा, असं सांगतात. खालून बघताना मान मागे टाकावी लागते. मुलं एकदम गप्प झाली.

पुढे ग्रोत्ता बियांका, पांढरी गुहा. चुनखडीतून झिरपलेल्या पाण्याने छतावर लोंबते सुळके तयार झालेत, आणि सकाळच्या तिरक्या उन्हात त्यांच्याखालचं पाणी दुधाळ हिरवं दिसतं. इथे गर्दी नसते. इंजिन बंद करायला सांगा. पहिली डुबकी इथेच मारा, कारण पुढे फारालिओनीपाशी बोटींची वर्दळ आणि पोहणाऱ्याला धोका.

वर कड्यावर एक दगडी कमान दिसते, आर्को नातुराले, एका कोसळलेल्या गुहेचं उरलेलं तोंड. मग पुंता मासुल्लोच्या खडकावर एक लाल, चपटं, गच्चीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या असलेलं घर. लेखक कुर्त्सिओ मालापार्तेने ते बांधून घेतलं. नवऱ्याला ते बंकरसारखं वाटलं, मला फार आवडलं. हे घर नीट दिसतं ते पाण्यावरूनच.

वळसा घेतला की फारालिओनी. तीन सुळके: जमिनीला चिकटलेला स्तेल्ला, सगळ्यात उंच, शंभर मीटरच्या वर. मधला दी मेत्सो, ज्याच्या पोटातून बोट आरपार जाते. आणि बाहेरचा स्कोपोलो, ज्यावर निळसर रंगाची एक पाल राहते, जी बाकी बेटावर आढळत नाही. बोटीतून ती दिसणार नाही. मुलीने तरी दहा मिनिटं दुर्बीण सोडली नाही. कमानीखालून जाताना चुंबन घेतलं की भाग्य उजळतं म्हणे. तांडेल मागे वळून हसला, आम्ही दोघंही सासूबाईंसमोर समुद्राकडे बघत राहिलो.

फोटो कमानीत शिरताना नका काढू, बाहेर पडून शंभर-दोनशे मीटर लांब गेल्यावर काढा. तेव्हा तिन्ही सुळके एका चौकटीत येतात.

मरीना पिक्कोलापाशी आमचा थांबा झाला. वरच्या कड्यातून नागमोडी उतरणारी वाट दिसते ती व्हिया क्रुप, जर्मन उद्योगपती फ्रीडरिश क्रुपच्या पैशाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेली. पुढे दक्षिण किनारा मोकळा, वरती ५८९ मीटरचा मोंते सोलारो. ग्रोत्ता व्हेर्देजवळ, हिरव्या गुहेपाशी, आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला, जवळजवळ एक तास. पाणी पाचूसारखं, तळ स्पष्ट दिसतो, आणि खडकाच्या सावलीत बोट सोडून दिली की कोणी हलायला तयार नसतं. इथे जेवण केलं.

पोहता न येणाऱ्यांसाठी

किनारा इथे बहुतेक सगळीकडे सरळ पाण्यात उतरतो. उथळ असं काही नाही, बोटीतून पाय टाकला की दहा-पंधरा मीटर खोल पाणी असतं. म्हणून ‘थोडंसं उतरते’ असं होत नाही. जीवरक्षक जाकिटं बोटीवर असतातच, पण आसनाखालच्या कप्प्यात. चढल्या चढल्या बाहेर काढायला सांगा आणि घालून बघा, लाजू नका. आमच्या तांडेलाने शिडी टाकली, सासूबाईंना जाकीट घातलं, आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसवून कमरेपर्यंत पाण्यात सोडलं. एक हात त्याच्या हातात, दुसरा शिडीला. वीस मिनिटं त्या तशाच बसल्या होत्या. नंतर वर येऊन म्हणाल्या, “खारट आहे हो फार.”

समुद्री साळ म्हणजे काटेरी गोळे खडकांना चिकटलेले असतात, म्हणून खडकावर चढायचं असेल तर पाण्यातल्या चपला हव्यातच. आणि तांडेल “मेदुझा!” ओरडला की चर्चा न करता वर या, ती जेलीफिश.

निळी गुहा: जायचं की नाही

जायचं, पण बोटीचे तास त्यात घालवायचे नाहीत.

आधी हे समजून घ्या की तुमची खाजगी बोट आत जाऊ शकत नाही. तोंड पाण्यावर जेमतेम एक मीटर उंच आहे. बाहेर रांग लावायची, नंबर आला की वल्ह्याच्या छोट्या होडीत बदली व्हायचं, सगळ्यांनी तळाशी आडवं पडायचं, आणि नावाडी साखळी ओढत लाटेच्या उतारावर होडी आत सरकवतो. पैसे वेगळे, आम्ही माणशी १८ युरो दिले. नावाडी गाणं म्हणतो आणि नंतर बक्षिसीची अपेक्षा ठेवतो. आत शिरल्यावर निळाई कुठून येते? तोंडाच्या खाली, पाण्यात, आणखी एक मोठं भगदाड आहे. ऊन तिथून पाणी गाळत आत येतं, तांबडा प्रकाश पाणी शोषून घेतं आणि निळा उरतो. हात बुडवला तर चंदेरी दिसतो. १९६४ मध्ये तळातून रोमन पुतळे काढले, म्हणजे तिबेरियसच्या काळी हे कोणाचं तरी सजवलेलं स्नानगृह असावं.

सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण रंग सगळ्यात गडद दिसतो तो साधारण बारा ते दोन, आणि रांगही तेव्हाच सगळ्यात लांब. म्हणून युक्ती अशी: प्रदक्षिणेत गुहा शेवटी येते, तेव्हा रांग बघा. पाच-सात होड्या असतील तर थांबा. जास्त असतील तर सरळ पुढे जा, आणि दुसऱ्या दिवशी आनाकाप्रीहून बस पकडून जमिनीवरून या. बस गुहेच्या वर सोडते, पायऱ्या उतरल्या की तीच वल्ह्याची होडी, तेच तिकीट, आणि घड्याळ तुमचं. आम्ही तसंच केलं. सासूबाईंनी पायऱ्यांना नकार दिला आणि त्या वर सावलीत बसून राहिल्या. आडवं पडायचं टळलं म्हणून खूशच होत्या.

त्याआधी पश्चिमेला पुंता कारेनाचं दीपगृह लागतं आणि मग जुन्या छोट्या किल्ल्यांची रांग. ही बाजू लोक वगळतात. इथे तांडेलाला “प्यानो, प्यानो” म्हणा, म्हणजे हळूहळू. इथलं पाणी गडद शाईसारखं आहे.

बरोबर काय

चपला बोटीत चढताना काढून टोपलीत टाकायच्या असतात, म्हणून बांधायच्या बुटांचा घोळ नको. टोपीला दोरी हवीच, माझी एक टोपी अजून कुठेतरी सिसिलीकडे चालली असेल. प्रत्येकी दोन टॉवेल आणि फोनसाठी न भिजणारी पिशवी. काप्रीने २०१९ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी घातली आणि दंड ५०० युरोंपर्यंत आहे, म्हणून पाण्याच्या धातूच्या बाटल्या. रोख पैसे, सुटे. सनस्क्रीन निघायच्या अर्धा तास आधी लावून घ्या, बोटीत लावलं तर तेलकट हातांनी सगळं निसरडं होतं.

जेवण पाण्यावरच्या क्लबांत करता येतं, पण आधी टेबल राखावं लागतं आणि तिथे दोन तास मोडतात. आम्ही सकाळी किराणा दुकानातून पाव, टोमॅटो, मोझारेल्ला आणि तुळशीची पानं घालून सँडविच करून घेतली, शाकाहारी माणसांची सोयच. सोबत पीच, आणि चॉकलेट-बदामाचा तोर्ता काप्रेझे, जो उन्हात वितळून टॉवेलभर झाला. तो संध्याकाळी खा.

परतीची फेरी बोटीचे तास संपल्यानंतर निदान दीड तासाने असू द्या. चार तास म्हणजे साडेचार होतात, आणि धक्क्यावरून तिकीटखिडकी, सामान, गर्दी. शेवटच्या फेरीवर तर अवलंबूच नका. वारा वाढला की आधी तीच रद्द होते.

तांडेलाला उतरताना आम्ही चाळीस युरो दिले. सासूबाईंनी पर्समधून आल्याच्या वड्यांची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने एक तोंडात टाकली, डोळे मिचकावले, आणि उरलेली पुडी जपून आसनाखालच्या कप्प्यात ठेवली, जिथे जाकिटं असतात.